कामाचा ताण आणि हृदय

बंगळूर शहरातील केंपेगौडा बसस्थानकातून सकाळी बस घेऊन निघालेल्या चालकाची स्थिती क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. सुटण्याची वेळ ठरलेली, पोहोचण्याची वेळही ठरलेली. मधल्या रस्त्यावरील गर्दी मात्र त्याच्या हाती नाही. उशीर झाला की प्रवासी बोल लावतात ते त्यालाच. याच शहरात रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून दूरदेशीच्या ग्राहकांची कामे उरकणारे असंख्य तरुण आहेत. दिवसाअखेर दोघेही एकच वाक्य उच्चारतात : ‘आज फार ताण पडला.’ या ताणाने हृदयास खरोखरच इजा होते काय? आणि ज्याला वजन नाही, लांबीरुंदी नाही, तो मोजावयाचा तरी कसा?

ताण हा केवळ मनाचा खेळ नव्हे. संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. हृदयाचे ठोके जलद होतात, रक्तदाब चढतो, रक्तातील साखर वाढते. अंगावर धावून येणाऱ्या जनावरापासून पळ काढण्यास ही सिद्धता उपयोगी पडते. संकट टळले की शरीर पूर्वस्थितीवर येते. कामावरील संकट मात्र रोज सकाळी पुन्हा हजर असते. वारंवार चढणाऱ्या रक्तदाबामुळे रोहिण्यांच्या आतील नाजूक अस्तराची हानी होते. त्यातच झोप अपुरी पडते, जेवणाच्या वेळा चुकतात आणि विडी-सिगारेटचे प्रमाण वाढते.

हे शारीरिक बदल मोजण्याची साधने उपलब्ध आहेत. दंडाला बांधलेले यंत्र दिवसभर ठरावीक अंतराने रक्तदाब नोंदविते. लाळेच्या थेंबावरून कॉर्टिसॉलचे प्रमाण कळते. परंतु कॉर्टिसॉल निरोगी माणसातही सकाळी अधिक व रात्री कमी असते आणि जिना चढल्यानेही रक्तदाब वाढतो. म्हणजे शरीर चाळवले आहे एवढेच यंत्र सांगते. ते कशाने, हे सांगत नाही. ते जाणण्यासाठी माणसालाच विचारावे लागते.

पण काय विचारावे? ‘तुम्हाला ताण आहे काय?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकजण आपापल्या स्वभावानुसार देणार. रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली यावर एक मार्ग सुचविला. त्याने माणसाऐवजी कामाविषयी प्रश्न विचारले. काम किती, घाई किती, हा एक भाग. ते कसे व केव्हा करावे हे ठरविण्याची मुभा किती, हा दुसरा. उत्तरांना गुण देऊन त्यांची बेरीज केली की कामाचे स्वरूप आकड्यांत मांडता येते. कॅरासेकच्या मते केवळ अधिक भार हा घातक नव्हे. भार अधिक आणि हुकमत कमी, ही जोडी घातक होय. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याचा भार मोठा असला तरी निर्णय त्याचा असतो. बसचालकाला ती सोय नाही.

या प्रश्नाच्या अभ्यासात बंगळूरचाही वाटा आहे. डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीतील भारतातील कामाचे संयोजन तेथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून झाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ताणविषयक निष्कर्षांत हृदयविकाराचा पहिला झटका आलेल्या ११,११९ रुग्णांची तुलना १३,६४८ इतर व्यक्तींशी केलेली होती. नोकरी करणाऱ्यांपैकी कामाचा ताण सततचा असल्याचे सांगणारे रुग्णांमध्ये शेकडा १०, तर इतरांमध्ये शेकडा ५ होते. याच पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, म्हणजे इतर देशांच्या मानाने सुमारे सहा वर्षे आधी येतो, असे आढळले. कुटुंबाचा भार वाहण्याचे, मुलांच्या शिक्षणाचे हे वय!

तथापि येथे एक शंका रास्त आहे. झटका येऊन गेलेला रुग्ण कारण शोधू लागतो आणि मागील ताण त्यास वाढवून आठवू शकतो. यावर उपाय एकच : माणसे निरोगी असतानाच प्रश्न विचारावयाचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. लंडनमधील १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांची अशी पाहणी १९८५ साली सुरू झाली. तीत कर्मचाऱ्यांच्या उत्तरांखेरीज त्यांच्या कामाचे मूल्यमापन इतरांकडूनही करून घेण्यात आले. दोन्ही मापांनी निष्कर्ष तोच निघाला : कामावर हुकमत कमी असणाऱ्यांना हृदयरोग अधिक.

युरोपातील अशा १३ पाहण्यांचे एकत्रित गणित २०१२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे १,९७,००० व्यक्तींच्या नोंदींवरून, अधिक भार व अल्प हुकमत असणाऱ्यांना हृदयरोगाचा धोका शेकडा २३ नी अधिक असल्याचे दिसले. हा आकडा तंबाखूच्या धोक्यापुढे लहान आहे. बंगळूरमध्ये २०० रुग्णांच्या अभ्यासावर आधारित व १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातही धूम्रपान हेच सर्वांत महत्त्वाचे कारण ठरले होते. परंतु लहान धोकाही लक्षावधी कामगारांच्या वाट्याला आला की त्याची एकूण हानी मोठी होते. कामाच्या तासांचेही तसेच. आठवड्यास ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, हृदयरोगाने मृत्यू येण्याचा धोका शेकडा १७ नी अधिक असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली दिला.

तात्पर्य, ताण मोजता येतो, आणि मोजण्याचा हेतू कोणाला दुबळा ठरविण्याचा नव्हे. रक्तदाब तपासून घेणे, तंबाखू सोडणे हे कामगाराच्या हाती आहे. रस्त्यावरील खऱ्या गर्दीचा विचार करून वेळापत्रक आखणे, दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती देणे, कामाची आखणी करताना ते करणाऱ्याचे मत घेणे, हे मात्र काम देणाऱ्याच्या हाती आहे. चालकाचा रक्तदाब औषधाच्या गोळीने उतरेल. त्याचे वेळापत्रक गोळीने बदलणार नाही.