धोंडस की काकडीचा केक?

बाईंचा फोन आला तो तक्रारीचाच. "अगं, माझं धोंडस गुगलवर सापडत नाही. तिसऱ्याच कुणाचं तरी सापडतं, आणि त्यात बेकिंग पावडर आहे!"

बाई कुडाळजवळच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या आणि तेव्हापासून स्वतःच्या साइटवर कोकणातल्या पदार्थांविषयी लिहितात. लेख दोनशेच्या आसपास. वाचक म्हणजे जुने विद्यार्थी आणि व्हॉट्सॲपवर लिंक मिळालेले नातेवाईक. माझं काम अशा साइट तपासण्याचं. शोधात त्या का दिसत नाहीत ते हुडकायचं आणि दुरुस्त्या सुचवायच्या. आमच्या धंद्यात याला ऑडिट म्हणतात, पण मला ते पावसाळ्याआधी घर शाकारण्यासारखं वाटतं. एकेक कौल उचलून खाली बघायचं. फुटलेलं कोणतं, नुसतं सरकलेलं कोणतं, आणि कोणत्या कौलाला हात न लावलेलाच बरा.

पहिली तपासणी तीन मिनिटांची. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो. त्यात टिचकी पडली की साइट शोधयंत्रांना सांगते, 'आम्हाला यादीत घेऊ नका.' साइट बांधताना कारागीर ती टिचकी मारतो आणि काम संपलं की काढायला विसरतो. हसण्यासारखी गोष्ट वाटेल, पण एका गिऱ्हाइकाचं दुकान या चौकोनापायी आठ महिने अंधारात होतं आणि तोवर जाहिरातींवर खर्च चालू होता. बाईंचा चौकोन रिकामा होता. रोबोट्सची फाइलही ठीक होती. कोणत्या भागात फिरकू नका हे यंत्रांना सांगणारी ही साधी मजकुराची फाइल 1994 पासूनच्या प्रथेतली. पाळणं न पाळणं येणाऱ्यावर. पाटी आहे, कुलूप नव्हे.

मग स्क्रीमिंग फ्रॉग लावला. हे सॉफ्टवेअर शोधयंत्रासारखंच एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात सगळी पानं गोळा करतं. फुकटच्या आवृत्तीत 500 पत्ते मिळतात. दोनशे लेखांच्या साइटला तेवढे पुरेसे व्हावेत, पण चहा होईपर्यंत मर्यादा संपली. कारण टॅग. बाई प्रत्येक लेखाखाली दहा-बारा टॅग घालत आणि प्रत्येक टॅगचं आपोआप एक पान तयार होई. 'थालीपीठ', 'थालिपीठ' आणि 'थालीपिठ' ही तीन वेगवेगळी पानं होती, प्रत्येकावर एकेक लेख. व्याकरणाच्या बाईंच्या घरी हे बघून मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "ते माझ्या भाच्यानं घातलंय."

सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट मिळणारं खातं. आपली साइट किती वेळा दिसली, किती वेळा उघडली गेली आणि लोकांनी काय टंकलं होतं, हे तिथे कळतं. त्यातल्या पानांच्या अहवालात एक शेरा असतो, ज्याचा अर्थ 'पान पाहिलं, पण तूर्त यादीत घेतलेलं नाही.' पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी बघितली आणि पुढे निरोपच नाही, तसलं हे. बाईंची तीसेक पानं या अवस्थेत होती. उघडून बघितली तेव्हा कारण डोळ्यांपुढेच होतं. या पानांवर मजकूरच नव्हता. मजकुराचे फोटो होते.

हे मराठीचं खास दुखणं. युनिकोड हातात येण्याआधी बाई स्थानिक अंकांसाठी लिहीत आणि छापखान्यात ते जुन्या डीटीपी फाँटमध्ये जुळवलं जाई. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर किंवा एखादं चिन्ह. फाँट काढला की मजकुराचा पाचोळा होतो. तो साइटवर डकवल्यावर पाचोळाच उमटला, तेव्हा भाच्याने छापील पानांचे फोटो काढून चढवले. माणसाला नीट वाचता येतात. पण पानाच्या मजकुरात शीर्षकाखाली एकही शब्द नाही.

बाईंच्या पेटीत मूळ फायली निघाल्या, म्हणून रूपांतर करता आलं. पण रूपांतर करणारी यंत्रं पहिल्या वेलांटीला आणि रफाराला हमखास अडखळतात. 'शिजवा'चं 'शजिवा' होतं, 'सर्व'चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मी छापून कागद पाठवले. बाईंनी ते लाल शाईने तपासून परत पाठवले. तीस लेख, चार दिवस, आणि समासात एका ठिकाणी 'पुन्हा लिहा' असा शेरा. स्वतःच्याच जुन्या लेखावर.

पत्त्यांची गंमत त्यानंतरची. देवनागरीत शीर्षक दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पानाचा पत्ता बनवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे साधा 'क' नऊ अक्षरांचा. काना, वेलांटी, हलन्त यांचा हिशेब निराळा, प्रत्येकी नऊच. पत्त्याच्या या तुकड्याला वर्डप्रेसमध्ये मर्यादा 200 अक्षरांची. त्यामुळे 'उन्हाळ्यातल्या ओल्या काजूची उसळ' या लेखाचा पत्ता झाला होता 'उन्हाळ्यातल्या-ओल्या-काज'. मी बोटांवर मोजून बघितलं, बरोब्बर दोनशेला कात्री लागली होती. बाई पोटभर हसल्या. "ओली काजं! शिंप्याकडे पाठव."

यावर सल्ला देणारे पुष्कळ आहेत की सगळे पत्ते इंग्रजीत करा. मला ते पटत नाही. शोधयंत्राला देवनागरी पत्ता चालतो. आणि जुना पत्ता बदलला की बाहेर ठिकठिकाणी पसरलेल्या लिंक तुटतात. कायमचा रिडायरेक्ट लावून त्या सांधता येतात, पण दोनशे वेळा सांधकाम कशाला? जुनं राहू दिलं. नव्या लेखांना दोन-तीन शब्दांचा पत्ता हाताने द्यायचा, एवढंच ठरलं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा कळली. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी लोक 'अ' टंकून त्यावर अर्धचंद्र देत आणि अजूनही कित्येक कीबोर्ड तेच करतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, आत मात्र एका ठिकाणी एक चिन्ह आणि दुसऱ्या ठिकाणी दोन. 'दुसऱ्या'मधला अर्धा ऱसुद्धा असाच दोन तऱ्हांनी लिहिला जातो. बाईंच्या साइटवर दोन्ही तऱ्हा सुखाने नांदत होत्या. मी सरसकट एकच तऱ्हा करून टाकली. शोधात त्याने काय फरक पडला ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण कचरा दिसला की मला राहवत नाही.

खरी कसोटी धोंडसाची होती. कन्सोलमधली शोधशब्दांची यादी मी बाईंना पडद्यावर दाखवली. 'धोंडस' शोधणारे मोजके, आणि त्यांना बाईंचं पान बऱ्यापैकी वर दिसत होतं. 'काकडीचा केक' शोधणारे कितीतरी जास्त, आणि तिथे हेच पान चाळिसाव्या क्रमांकाच्याही पलीकडे. अख्ख्या लेखात केक हा शब्दच नव्हता. तवसं होतं, तांदळाचा रवा होता, गूळ होता, वर-खाली निखारे होते.

"शीर्षकात घालूया," मी म्हटलं.

"मी त्याला केक म्हणणार नाही."

"बाई, लोक त्याच नावानं विचारतात."

"लोक 'मला मदत पाहिजे आहे'सुद्धा म्हणतात."

मी गप्प बसले. खरं तर ऑडिटचा अर्धा वेळ इथेच जातो, आणि यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर नाही. लिहिणाऱ्याचा शब्द एक, विचारणाऱ्याचा दुसरा. शब्द ठासून भरणारे लेख मी भरपूर पाहिलेत, दर दुसऱ्या वाक्यात 'काकडीचा केक मराठी रेसिपी'. ते वाचवत नाहीत, आणि अशा भरतीला गुगल स्पॅममध्ये धरतं. पण शब्द एकदाही न घालणं म्हणजे दारावर पाटी न लावता पाहुण्यांची वाट बघत बसणं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच लेखाचा दुसरा परिच्छेद बदलून पाठवला. त्यांचं वाक्य असं: 'मुंबईकडची मंडळी हल्ली धोंडसाला काकडीचा केक म्हणतात. म्हणोत. केक ओव्हनमधून निघतो, धोंडस निखाऱ्यांमधून.' शीर्षक झालं 'धोंडस, म्हणजेच काकडीचा केक'. 'म्हणजेच'वर त्यांनी दोनदा फोन केला.

बाकी कामं किरकोळ. पाच-पाच एमबीचे फोटो बारीक केले. पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मराठी केली. गुगल त्या खुणेवरून पानाची भाषा ठरवत नाही, पण दृष्टिहीन वाचकांना पान वाचून दाखवणारं यंत्र ठरवतं. आंबोळीचे चार लेख एकमेकांचीच गिऱ्हाइकं पळवत होते, त्यांचा एक करायचा आहे. चारही बाईंचे लाडके असल्याने ते काम अजून पडून आहे.

मी निघताना बाईंनी अनारशांचं विचारलं. 2023 च्या अधिक श्रावणात त्या लेखाला भरपूर वाचक आले होते, असं त्यांना आठवत होतं. कन्सोलमध्ये शोधलं तर काहीच नाही. त्याची स्मरणशक्ती 16 महिन्यांची. त्यात मागची दिवाळी मावते, अधिक मास मावत नाही. तो येतो साधारण 32-33 महिन्यांनी, आणि तोवर आकडे पुसले गेलेले असतात. पुढचा अधिक ज्येष्ठ 2026 च्या मे-जूनमध्ये.

बाई उठल्या, भिंतीवरच्या कालनिर्णयचं जूनचं पान उलगडलं आणि निज ज्येष्ठ जिथे लागतो त्या चौकोनात लाल शाईने लिहिलं: 'अनारशांचे आकडे उतरवून घेणे.'