तोंड आलंय? वाट किती दिवस पाहायची?

"आई, आज डबा नको, तोंड आलंय." परीक्षेच्या दिवसांत ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ओठाच्या किंवा गालाच्या आत लहानसा पांढरट व्रण, भोवती लाल कडा. आवकायचा खार लागला की डोळ्यांत पाणी! असा साधा व्रण बहुधा आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत आपोआप भरतो. तोवर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात, तिखट बंद ठेवावे, मऊ दूधभात द्यावा. आजीबाई तूप लावतात, ते खुशाल लावावे.

मात्र सारे खापर 'उष्णते'वर फोडण्याची आपली सवय बरी नव्हे. वरचेवर तोंड येत असेल तर लोह, बी-१२ किंवा फॉलिक आम्ल कमी आहे का, हे रक्त तपासून पाहावे. १९६० साली आपल्याच हैदराबादेत डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधील पेलाग्रा या आजाराचा अभ्यास मांडला. त्यात जीभ लालभडक होऊन सोलवटते. म्हणून भाकरी सोडायला नको; सोबत डाळ, दूध आणि शेंगदाण्याची चटणी हवी, इतकेच.

लहान मुलाला ताप, तोंडात फोड आणि तळहात-तळपायांवर पुरळ दिसल्यास त्याला शाळेत पाठवू नये. ते पाणीही पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

खरी फसगत न दुखणाऱ्या व्रणाने होते. आमच्यापैकी एकीच्या घरी आजोबांच्या जिभेला तुटक्या दाढेने जखम झाली. दुखत नाही म्हणून तीन महिने कोणी लक्ष दिले नाही. तुकडा तपासला, सुदैवाने कर्करोग नव्हता. पण अहवाल येईपर्यंत घरात कोणाला धड जेवण गेले नाही.

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पुसून न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, मानेत गाठ, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे जावे. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांचे तोंड हळूहळू आखडते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहा. मुलांच्या दप्तरातली गोड सुपारीची पुडीही यात आलीच. अफझलगंजला सरकारी दंत महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, तेथे दाखवता येते.