लघवीची नळी आणि खोटी कळ

"ऑपरेशनचे दुखणे सोसेन, पण ही नळी काढा!" भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. भूल उतरू लागताच रुग्ण लघवीला जायचे म्हणून उठू पाहतो. पिशवीत लघवी जमत असते, तरी कळ थांबत नाही. नातेवाईकांना वाटते, भुलीमुळे बरळतो आहे. ते त्याला दटावतात. पण ही कळ मनाची नसते.

लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, निसटू नये म्हणून तिच्या टोकाला छोटा फुगा असतो. त्यात साधारणपणे १० मि.लि. निर्जंतुक पाणी भरतात. हा फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो. तेथील नाजूक अस्तर चाळवते, स्नायू आवळले जातात आणि मूत्राशय रिकामे असूनही भरल्यासारखे वाटते. पुरुषांना हा त्रास अधिक होतो. जाड नळीने तो वाढतो.

पहिला उपाय बिनपैशाचा आहे. शुद्धीवर आल्यावर अशी कळ येईल, हे ऑपरेशनपूर्वीच रुग्णाला सांगावे. आधी कळलेले असले की माणूस घाबरत नाही. शक्य तितकी बारीक नळी, घालताना भरपूर जेली आणि मांडीला चिकटपट्टीने सैलसर बांधणी, ही काळजी आम्ही घ्यावयाची. गरजेनुसार ऑक्सिब्युटिनिन किंवा टॉल्टेरोडिनसारखी औषधेही देतात. त्यांनी तोंड कोरडे पडते. काचबिंदू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

नातेवाईकांनी पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली ठेवावी, पण जमिनीवर टेकवू नये. कूस बदलताना नळीला ताण किंवा पीळ पडू देऊ नये. रुग्णाने कुंथू नये.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. नळी कधीही ओढू नका. फुगलेला फुगा तसाच बाहेर आला तर मूत्रमार्ग फाटून रक्तस्राव होतो. पिशवीत लघवी येणे थांबले, ओटीपोट फुगले, थंडी वाजून ताप आला किंवा रक्ताच्या गाठी दिसल्या, तर ही खोटी कळ समजून गप्प बसू नका. लगेच नर्सला बोलवा.

नळी जितके दिवस राहते, तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून राउंडच्या वेळी डॉक्टरांना रोज विचारा, "नळीची अजून गरज आहे का?" असे विचारण्यात संकोच कसला?