चाकांवरचे घर आणि दुडदुडणारे मूल

मेमोरियल डे जवळ आला की मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या टेबलावर एक विषय हमखास निघतो: यंदा उन्हाळ्यात कुठे जायचे? ज्यांची मुले मोठी झाली आहेत ते यलोस्टोनच्या गोष्टी सांगतात. ज्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचे मूल आहे ते नुसते ऐकतात आणि म्हणतात, "आमचे अजून तीन-चार वर्षे जमायचे नाही." मग कोणीतरी सुचवते, "अहो, ट्रेलर घ्या ना! घरच बरोबर न्यायचे."

सूचना वाईट नाही. मोटारीच्या मागे जोडून ओढायचा हा ट्रेलर लहान मुलाच्या कुटुंबाला खरोखर सोयीचा असतो. पण त्यात गॅस असतो, गरम पाणी असते आणि चाकेही असतात, शिवाय बहुधा लांब मुदतीचे कर्जही असते. तेव्हा उत्साहाच्या भरात सही करण्यापूर्वी आरोग्य आणि पैसा या दोन्ही बाजूंनी विचार करू या.

ट्रेलरचा खरा फायदा

लहान मुलाला प्रवास बाधत नाही. दिनक्रम मोडला की बाधतो. दुपारची झोप हुकली, ओळखीचे जेवण मिळाले नाही, की संध्याकाळी सगळ्या कॅम्पग्राउंडला आपले मूल ठाऊक होते! ट्रेलरमध्ये रोज रात्री तेच अंथरूण, तोच पडदा आणि तीच दुधाची बाटली असते. दोन शेगड्यांवर मऊ भात आणि मुगाचे वरण वीस मिनिटांत होते. मध्यरात्री डायपर बदलायला बॅटरी घेऊन चिखलातून जावे लागत नाही. भारतातून आलेले आजी-आजोबा बरोबर असतील तर आतले टॉयलेट ही फार मोठी सोय आहे.

काही ठिकाणी तंबू चालतच नाही. यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज आर. व्ही. पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांचा वावर असल्याने फक्त टणक भिंतींच्या गाड्या व ट्रेलर यांनाच परवानगी आहे. समुद्रसपाटीपासून साडेसात हजार फुटांहून उंच असलेल्या या भागात जुलैतही रात्री कडाक्याची थंडी पडते. अशा वेळी ट्रेलरमधील हीटर बाळासाठी मोलाचा ठरतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी. रस्त्यावर असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही. बहुतेक राज्यांत ते बेकायदेशीर आहे आणि कायदा नसला तरी धोकादायक आहे. म्हणजे सगळी माणसे पुढच्या मोटारीतच मावली पाहिजेत. मूल कार सीटमध्ये, आणि त्या सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते आहे तोवर मागे तोंड करूनच. "जरा आत झोपू दे बिचाऱ्याला" हा आजीचा आग्रह प्रेमाचा असला तरी मानू नये.

आपली मोटार काय ओढू शकते?

आपल्याकडे बहुतेकांच्या दारात मिनिव्हॅन असते. बऱ्याच मिनिव्हॅनची ओढण्याची कमाल क्षमता ३,५०० पौंडांच्या आसपास असते. विक्रेता २,९०० पौंडांचा ट्रेलर दाखवून म्हणतो, "सहज ओढेल." पण ते रिकाम्या ट्रेलरचे वजन असते. आता बेरीज करा. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड, म्हणजे ३० गॅलनच्या टाकीचे २५० पौंड. प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर ७५ पौंड, बॅटरी ५० पौंड. भांडी, कपडे, डायपर, खुर्च्या, बाळाची घडीची गाडी आणि आईने भरलेले डबे मिळून निदान ३०० पौंड. एकूण झाले ३,५७५. मर्यादा ओलांडली!

म्हणून ट्रेलरच्या पाटीवरचे कमाल भारित वजन पाहावे, रिकामे वजन नव्हे. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडाच्या ठिकाणी मोटारीवर पडायला हवा. तो कमी पडला तर ट्रेलर हेलकावे खातो आणि जास्त पडला तर मोटारीचा मागचा भाग दबतो. हा भार मोटारीतील माणसे व सामानाच्या मर्यादेतच मोजायचा असतो आणि ती मर्यादा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते. शंका असेल तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर मोटार आणि ट्रेलर वजन करून घ्यावे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत आणि ते पुढून चालवणारे यंत्र मोटारीत बसवलेले असावे. टायरच्या बाजूवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. उभ्या-उभ्या जुने झालेले टायर नक्षी चांगली दिसत असूनही फुटतात. वेगाचेही भान ठेवावे: कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे. मार्गही आधी पाहावा. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा लांब वाहनाला, म्हणजे मोटार आणि ट्रेलर मिळून, प्रवेश नाही.

आत पाऊल ठेवण्यापूर्वी

मुलाला आत सोडण्यापूर्वी गुडघ्यांवर बसून त्याच्या उंचीवरून ट्रेलर पाहावा. मग पुढील गोष्टी तपासाव्यात.

गॅस: प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, आपल्या भारतातल्या घरगुती सिलिंडरच्या गॅससारखाच. गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो, आणि मूलही तिथेच खेळत असते. म्हणून गॅसचा अलार्म जमिनीजवळ बसवलेला असतो. त्याच्यापुढे खेळणी किंवा बॅगा ठेवू नयेत. वास आला तर दिव्याचे बटणसुद्धा न दाबता सर्वांना बाहेर काढावे आणि सिलिंडर बाहेरून बंद करावा. गॅस स्टेशनवर शिरण्यापूर्वी फ्रिजसकट सर्व ज्योती बंद असल्याची खात्री करावी.

कार्बन मोनॉक्साइड: या वायूला रंग नाही आणि वासही नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे लहान मुलाला सांगता येत नाहीत. मूल नुसते किरकिरे किंवा सुस्त वाटते. अलार्मचे बटण दाबून पाहावे आणि मागे छापलेली मुदत वाचावी, कारण हे अलार्म काही वर्षांनी निकामी होतात. थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून ठेवू नये. कोळशाची शेगडी कधीही आत आणू नये. शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर आपल्या खिडकीकडे येत नाही ना, तेही पाहावे.

गरम पाणी: घरातील पाण्याचे तापमान १२० अंश फॅरनहाइट ठेवावे असे सांगतात. ट्रेलरमधला हीटर बहुधा त्याहून जास्त तापवतो आणि ते तापमान अनेकदा बदलताही येत नाही. १४० अंशांचे पाणी सुमारे सहा सेकंदांत प्रौढ माणसाला भाजून काढते; बाळाची त्वचा तर त्याहून नाजूक. आंघोळीचे पाणी बादलीत किंवा टबात आधी विसणून घ्यावे आणि मगच मुलाला आत बसवावे. आपली जुनी पद्धतच इथे उत्तम! ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवर हीटरच्या धुराची जाळी असते. तीही चटका देण्याइतकी तापते आणि नेमकी मुलाच्या हाताच्या उंचीवर असते.

झोप: वरचा बंक सहा वर्षांखालील मुलासाठी नाही. टेबल मोडून केलेल्या पलंगाला गाद्यांमध्ये आणि भिंतीशी फटी राहतात. घडीचा पाळणा म्हणजे प्लेयार्ड साधारण २८ बाय ४० इंच जागा घेतो. ती जागा आत आहे का हे प्रत्यक्ष टेप लावून पाहावे. अनेक सुंदर ट्रेलर याच परीक्षेत नापास होतात.

बाहेर पडण्याची वाट: लाल खटक्याची आणीबाणीची खिडकी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने, आजोबांनीही, एकदा उघडून पाहावी. दाराला मुलाच्या हाताला न लागणारी कडी हवी, पण मोठ्यांना ती अंधारातही उघडता आली पाहिजे.

पाणी: हंगामात पहिल्यांदा वापरण्यापूर्वी पाण्याची टाकी निर्जंतुक करावी. १५ गॅलनला पाव कप साधे घरगुती ब्लीच घालून टाकी भरावी, सर्व नळ वास येईपर्यंत सोडावेत, काही तासांनी रिकामी करावी आणि वास जाईपर्यंत धुवावी. बाळाच्या पिण्याचे पाणी तरीही वेगळे न्यावे.

दाराबाहेर

शेकोटीभोवती मुलासाठी मोठ्यांच्या तीन पावलांइतकी सीमा आखावी. लक्षात ठेवा, रात्री विझवलेल्या शेकोटीत राखेखाली सकाळपर्यंत निखारे असतात आणि अनवाणी मूल त्यावर सहज पाय देते. माती लोटू नये. भरपूर पाणी ओतून ढवळावे.

ईशान्येकडील राज्ये, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन येथे गोचिडीपासून लाइम हा आजार होतो. लाइम हे कनेटिकटमधील गाव. तिथे १९७० च्या दशकात हा आजार ओळखला गेला. रोज संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे आणि केसांत पाहावे. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडेपेटी असले उपाय करू नयेत. चावल्यावर पहिल्या दिवसातच ती काढली तर लाइमची शक्यता बरीच कमी होते. पुढे काही आठवड्यांत ताप किंवा पसरणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना गोचिडीची गोष्ट आवर्जून सांगावी.

डासांसाठी डीट असलेले औषध दोन महिन्यांवरील मुलांना चालते, पण त्याचे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि ते मुलाच्या हातांना लावू नये. लेमन युकॅलिप्टसचे तेल "नैसर्गिक" असले तरी तीन वर्षांखालील मुलांना लावू नये. आणि आजीच्या बटव्यातला कापूर? तो घरीच ठेवलेला बरा. कापराची वडी साखरेसारखी दिसते, आणि ती पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. काहीही खाल्ल्याची शंका आली तर पॉइझन कंट्रोलचा क्रमांक १-८००-२२२-१२२२ दिवसरात्र चालू असतो. राष्ट्रीय उद्यानांत अनेकदा सेलफोनला सिग्नल नसतो. म्हणून सर्वांत जवळचे रुग्णालय आणि रेंजर स्टेशन निघण्यापूर्वीच कागदावर लिहून ठेवावे.

आता हिशोब

समजा, २५,००० डॉलरचे कर्ज ८ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले. महिना हप्ता येतो सुमारे २३९ डॉलर. "केबल आणि फोनच्या बिलाएवढाच" असे वाटते. पण १५ वर्षांत एकूण ४३,००० डॉलर जातात, त्यांतले १८,००० व्याजाचे. पाच वर्षांत १४,३०० डॉलर भरूनही मुद्दल १९,७०० बाकी असते. नव्या ट्रेलरची किंमत मात्र पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने उतरते. म्हणजे विकायला काढल्यावर आलेल्या पैशात कर्जही फिटेल याची खात्री नाही.

वर्षाचे हप्ते २,८६७ डॉलर. त्यात विमा, ठेवण्याच्या जागेचे भाडे, नोंदणी, टायर आणि हिवाळ्याची तयारी यांचे १,५०० धरले तर झाले ४,३६७. वर्षात २० रात्री वापरला तर एका रात्रीला २१८ डॉलर पडले, कॅम्पग्राउंडचे शुल्क वेगळे. १० रात्री वापरला तर ४३७! शनिवार-रविवारचे वाढदिवस, मराठी शाळा, गणपती आणि दोन आठवड्यांची सुट्टी (तीही बहुधा भारतासाठी राखलेली) पाहता २० रात्री कुठून येणार, हे कॅलेंडर पुढे ठेवूनच ठरवावे.

"व्याज टॅक्समधून वजा होते" असे विक्रेता सांगेल. त्यात तथ्य आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेला ट्रेलर तारण ठेवून कर्ज घेतले तर तो दुसरे घर म्हणून धरता येतो. पण त्याचा लाभ वजावटी आयटेमाइझ करणाऱ्यांनाच मिळतो. २०२५ साठी एकत्र रिटर्न भरणाऱ्या दांपत्याचे स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे. तुमच्या वजावटी त्याहून जास्त होत नसतील तर या व्याजाचा एक पैसाही वाचत नाही.

म्हणून पहिली दोन वर्षे ट्रेलर भाड्याने घेणे शहाणपणाचे. काही मालक तो थेट कॅम्पग्राउंडवर आणून जोडूनही देतात. मग ओढण्याचा प्रश्नच उरत नाही. भाड्याने घेताना आपल्या विमा एजंटला स्पष्ट विचारावे: ओढताना दुसऱ्याचे नुकसान झाले तर? आणि ट्रेलरचेच झाले तर? या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा वेगवेगळी असतात. पुढे विकत घ्यायचाच झाला तर वापरलेला पाहावा, आणि कोपऱ्यांतले डाग व पायाखाली दबणारी जमीन यांवरून आत पाणी मुरले आहे का ते तपासावे.

आणखी एक विचार. आज पाळण्यात झोपणारे मूल तीन वर्षांत बंक मागेल, कदाचित एक भावंडही येईल. मुलाची गरज तीन वर्षांत बदलते. कर्ज मात्र पंधरा वर्षांचे असते.

तेव्हा या उन्हाळ्यात घरापासून दीड-दोन तासांवरचे, वीज-पाण्याची जोडणी असलेले स्टेट पार्क निवडावे आणि फक्त दोन रात्रींसाठी जावे. दुपारच्या झोपेच्या वेळी निघावे, उजेड असताना पोहोचावे, आणि पहिल्या रात्रीचे जेवण घरूनच न्यावे. मूल दोन्ही रात्री शांत झोपले, आणि सकाळी दारात बसून पोहे खाताना खारीकडे बोट दाखवून हसले, की पुढची सहल ठरवायला हरकत नाही. यलोस्टोन कुठे पळून जात नाही!