कर्जाचे कागद आणि त्यांची पोच

घर बांधण्यासाठी वा विकत घेण्यासाठी कर्ज काढणारा मनुष्य व्याजाच्या दराविषयी चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु आपण बँकेच्या हवाली केलेल्या कागदांची पोच मागण्याचे त्याला बहुधा सुचत नाही. खरेदीखत, त्यामागील जुनी खते, वाटणीपत्र, बांधकामाचा परवाना असा गठ्ठा तो टेबलावर ठेवतो, समोरचे गृहस्थ ‘ठीक आहे, कळवू’ म्हणतात, आणि पुढील वीस वर्षे तो गठ्ठा कोठे आहे हे त्या गृहस्थांच्या स्मरणावर अवलंबून राहते. मध्यंतरी त्यांची बदली होते, शाखा दुसऱ्या इमारतीत जाते, कधी बँकच नाहीशी होते. स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० साली आणि स्टेट बँक ऑफ हैदराबाद २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. सिंडिकेट बँक २०२० साली कॅनरा बँकेत मिळाली. कर्ज एका पाटीखाली काढावे आणि फेडावे दुसऱ्या पाटीखाली, असे हजारो कुटुंबांच्या बाबतीत घडले आहे. अशा वेळी ‘तुमचे कागद आमच्याकडे आलेच नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर कर्जदाराच्या हाती काय असते?

या कागदांचे कायद्यातील स्थान ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत मालकीहक्काचे दस्तऐवज धनकोच्या स्वाधीन करून होणारे गहाण हा एक आहे. त्यास निराळे गहाणखत लागतेच असे नाही. तारण म्हणून कागद हातात देणे हीच गहाणाची क्रिया होय. त्याच कायद्याच्या ६० व्या कलमाने कर्ज फिटताच ते कागद परत मागण्याचा हक्कही ऋणकोला दिला आहे. हक्क इतका जुना असूनही तो वर्षानुवर्षे लंगडाच राहिला, कारण कागद किती दिवसांत परत करावेत याची मुदत त्यात नव्हती. तारीख नसलेले काम कोणत्याही कचेरीत सर्वांत खालच्या खणात जाते. पोच म्हणजे त्या कामाला चिकटवलेली तारीख.

ती मिळवावी कशी? कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच देण्याची व्यवस्था ठेवावी, आणि आणखी कागद हवे असतील तर तसे कर्जदारास तत्काळ कळवावे, असे रिझर्व्ह बँकेने २००३ सालीच बँकांना सांगितले होते. तेव्हा पोच मागणारा मनुष्य काही मेहेरबानी मागत नसतो. मात्र ‘सोबत कागद जोडले आहेत’ एवढ्यावर मिळालेला शिक्का फारसा कामाचा नाही. पत्रातच यादी असावी: दस्ताचे नाव, नोंदणीचा क्रमांक व तारीख, मूळ की नक्कल, आणि पृष्ठे किती. पत्राच्या दोन प्रती न्याव्या व आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. चारांपैकी शिक्काच तेवढा मारून देण्याची पद्धत फार रूढ आहे. पण आवक क्रमांकावाचून ते पत्र पुढे शोधणे कठीण जाते.

टेबलावर कोणी सही देत नसेल, तर टपालखात्याचा आश्रय घ्यावा. ज्या रजिस्टर्ड टपालावर पिढ्यांनी भिस्त ठेवली, ते १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा आता स्पीड पोस्टानेच पाठवावे आणि पत्र पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. मूळ दस्त मात्र टपालाने कधीही पाठवू नयेत. ई-मेलला यंत्राकडून क्षणार्धात उत्तर येते. ते उत्तर पत्र आल्याचे सांगते, त्यात काय होते ते सांगत नाही. म्हणून यादी जोडपत्रात न ठेवता मजकुरातच लिहावी. संतापाने भरलेली तीन पानी पत्रेही टाळावीत. त्यांतील खरी मागणी शोधण्याची तसदी कारकून घेत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

कर्ज फिटल्यावरची स्थिती मात्र आता पुष्कळ पालटली आहे. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या आदेशानुसार पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ दस्त परत करावयाचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवावयाचा आहे. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे दस्त परत करण्याची वेळ आली, त्यांना हा आदेश लागू झाला. बँकेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसामागे ५,००० रुपये भरपाई तिने कर्जदारास द्यावयाची असते. दस्त हरवले अथवा खराब झाले, तर दुय्यम वा प्रमाणित प्रती मिळवून देण्यास साह्य करून त्यांचा खर्चही बँकेनेच सोसावयाचा. मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात. आदेश व्यक्तिगत कर्जांपुरता आहे. गृहकर्ज त्यात मोडते. व्यापारासाठी काढलेले कर्ज मोडत नाही. एकट्या कर्जदाराचा मृत्यू झाल्यास वारसांना दस्त कसे मिळतील, याची कार्यपद्धतीही बँकेने आधीच ठरवून प्रसिद्ध करावयाची आहे. हे ३० दिवस मोजावयाचे तर फेड पूर्ण झाल्याची तारीख लेखी हवी. शेवटच्या हप्त्याबरोबरच ‘बाकी नाही’ असा दाखला मागण्याचे कारण हेच.

इतके करूनही कोणी दाद दिली नाही, तर प्रथम त्या बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क पडत नाही. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे धाडलेली तक्रार परत येते, आणि आपण आधी बँकेकडे गेलो होतो हे पोचेनेच सिद्ध होते. पतसंस्थेच्या सभासदांना मात्र ही वाट उपलब्ध नाही. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची तक्रार सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे नेावी लागते.

दस्त हाती आले की बोजाची नोंद गेली किंवा नाही हे पाहावे. शेतजमिनीवर कर्ज असल्यास महाराष्ट्रात व गुजरातेत सातबारा, गोव्यात एक-चौदाचा उतारा, बेळगावकडे पहाणी आणि मध्य प्रदेशात खसरा नव्याने काढून बँकेचे नाव तपासावे. दस्त परत देताना बँकही कर्जदाराकडून पोच घेते. तो कागद पुढे आला की घाईने सही न करता जुन्या यादीशी एकेक दस्त ताडून पाहावा, पृष्ठे मोजावीत, आणि काही कमी असल्यास ते सहीच्या वर, स्वतःच्या अक्षरात, तारखेसह लिहून मगच सही करावी.