विहाराची किल्ली आणि टॅक्सीवाल्याचा मुलगा

आमच्या वस्तीतल्या विहाराची किल्ली माझ्याकडे असते. दिवसभर कचेरीत लेजर आणि व्हाउचर, संध्याकाळी विहारात मुलांची अभ्यासिका, असा माझा पंधरा-वीस वर्षांचा शिरस्ता आहे. गेल्या वर्षी जयंती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. वस्तीतली पाच पोरे दारात आली. एकाचे वडील वाळूजला कंपनीत हेल्पर, एकाची आई धुणीभांडी करते, बाकीच्यांची परिस्थितीही तशीच. म्हणाली, "काका, सकाळी विहार रिकामाच असतो. आम्हाला डान्सच्या प्रॅक्टिसला द्या ना."

मी साफ नाही म्हटले. वर ऐकवले, "बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले, नाचा म्हणून नाही." पोरे काही बोलली नाहीत. त्यांच्यातला सर्वांत उंच पोरगा चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरला. पायात घालायलाही थांबला नाही.

त्या वेळी मला आपण फार योग्य बोललो असे वाटले. आज ती गोष्ट लिहायला बसलो आहे, कारण दिवाळीच्या सुट्टीत माझ्या बारावीतल्या मुलीने मोबाइलवर मला एक सिनेमा दाखवला. 'ये बॅले' त्याचे नाव. दिग्दर्शिका सूनी तारापोरवाला, म्हणजे 'सलाम बॉम्बे'ची पटकथा लिहिणाऱ्या बाई. २०२० साली हा सिनेमा आला. मुलगी म्हणाली, "पप्पा, ही खरी माणसे आहेत. यातला एक तर स्वतःचेच काम करतोय."

खरेच होते ते. मनीष चौहान हा मुंबईतल्या टॅक्सीवाल्याचा मुलगा. सिनेमे पाहून, मोबाइलवर बघून उड्या आणि कोलांट्या शिकला, टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत उतरला. घरच्यांचे म्हणणे, शिक, नोकरी धर. टॅक्सी चालवणाऱ्या बापाने दुसरे काय म्हणावे? तो मुंबईतल्या 'डान्सवर्क्स' या नृत्यशाळेत गेला आणि तिथे त्याला येहुदा माओर नावाचे म्हातारे इस्रायली गुरुजी भेटले. स्वभावाने तिखट, शिकवायला कडक. त्याच शाळेत अमिरुद्दीन शाह हा दुसरा मुलगा होता, मनीषपेक्षा लहान. त्याचे वडील वेल्डिंगचे काम करणारे, घर नवी मुंबईतल्या झोपडपट्टीत. गुरुजी ज्यू, एक शिष्य हिंदू, एक मुसलमान. तिघांनी मिळून जे केले ते पाहून मी मोबाइल हातातून खाली ठेवला नाही.

बॅले म्हणजे काय, हे मला तोवर धड ठाऊक नव्हते. आपल्याकडे हा शब्द नृत्यनाटिकेला वापरतात. मुंबईचे सचिन शंकर बॅले युनिट जुन्या वाचकांना आठवत असेल. पण हा बॅले वेगळा. तो इटलीच्या राजवाड्यांत जन्मला, फ्रान्समध्ये वाढला. चौदाव्या लुईने, म्हणजे खुद्द राजाने, १६६१ साली नृत्याची राजेशाही अकादमी काढली. म्हणून आजही जगात कुठेही बॅले शिकवताना शब्द फ्रेंचच वापरतात. पाय ठेवण्याच्या पाच जागा ठरलेल्या. कंबरेएवढ्या उंचीचा लाकडी दांडा धरून गुडघे वाकवायचे, त्याला 'प्लिए' म्हणतात. पहिल्या दिवशीचा विद्यार्थी हेच करतो आणि जगप्रसिद्ध नर्तकही रोज सकाळी याच वाकण्याने सुरुवात करतो. राजाच्या दरबारातली ही कला टॅक्सीवाल्याच्या आणि वेल्डरच्या मुलांनी अंगात उतरवली. ती उतरवायला मात्र शरीर कोवळे असावे लागते. आठ-दहा वर्षांच्या वयात हाडे-स्नायू वळतात, नंतर ते अवघड होत जाते.

अमिरुद्दीन शाळकरी वयात सापडला, आणि २०१७ मध्ये त्याला लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. मनीष विशीच्या आसपास या वाटेला लागला. अंगात गुण तेवढाच, मेहनतही तेवढीच, पण वर्षे हातातून गेलेली. त्याच्यावर 'कॉल मी डान्सर' हा माहितीपट २०२३ मध्ये आला, त्यात हीच धडपड आहे. तो न्यूयॉर्कच्या पेरिडान्स या आधुनिक नृत्याच्या कंपनीपर्यंत पोचला. थोडी गोष्ट नाही ही. पण वेळेवर कुणी दार उघडले असते तर काय झाले असते, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मी बी.कॉम. माणूस. कोणतीही गोष्ट रकान्यात मांडल्याशिवाय मला कळत नाही. मुलीला सोबत घेऊन मी अशा नामवंत नर्तकांची माहिती काढली. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात बापाचा धंदा किंवा घरची स्थिती, तिसऱ्यात नाच सुरू केला ते वय, चौथ्यात पैसे कुणी दिले.

दिल्लीच्या विकासपुरीचा कमल सिंह, वडील ई-रिक्षा चालवणारे. त्यानेही 'एबीसीडी' सिनेमा पाहून सतराव्या वर्षी बॅले शिकायला घेतला. २०२० साली लंडनच्या इंग्लिश नॅशनल बॅले स्कूलने त्याला निवडले. फी रिक्षाच्या कमाईतून निघणे शक्यच नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, हृतिक रोशन या नटानेही मदत केली. कोरोनाच्या त्या वर्षी रिक्षावाल्याचा मुलगा विमानात बसला.

आता कार्लोस अकोस्टा पाहा. क्युबाची राजधानी हवाना, तिथल्या गरीब वस्तीतला काळा मुलगा, जन्म १९७३. बाप ट्रक ड्रायव्हर, घरात अकरा पोरे, हा शेवटचा. पोरगा गल्लीत उनाडक्या करतो म्हणून बापाने नऊ वर्षांचा असताना त्याला बॅलेच्या शाळेत घातले. त्या देशात ही शाळा सरकारी, फी नाही आणि वर दुपारचे जेवण. बापाचा हिशेब सरळ होता. पोराला मात्र फुटबॉल खेळायचा होता. तो शाळा बुडवायचा, त्याला शाळेतून काढलेही. मग बापाने दूरच्या गावच्या निवासी शाळेत टाकला. तिथे असताना त्याने पहिल्यांदा खऱ्या नर्तकांचा कार्यक्रम पाहिला. एक पुरुष हवेत उडी घेतो आणि जणू तिथेच थांबतो, हे पाहून पोरगा बदलला. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले, १९९८ मध्ये तो लंडनच्या रॉयल बॅलेत गेला आणि २०२० पासून बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक झाला. माझ्या चौथ्या रकान्यात त्याच्यापुढे एकच शब्द आहे, सरकार. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी मिळते, पण नाचाचा तास मिळत नाही.

अमेरिकेची मिस्टी कोपलँड, तिचे घरचे लोक काही काळ मोटेलच्या खोलीत राहत. तेराव्या वर्षी ती मुलांच्या क्लबमध्ये, बास्केटबॉलच्या मैदानावर, बॅलेचा पहिला धडा शिकली. २०१५ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली. त्या संस्थेच्या ७५ वर्षांत त्या पदावर पोचलेली ती पहिली काळी स्त्री. २०२५ मध्ये तिने तिथून निरोप घेतला.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो आर्थर मिचेल. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, जन्म १९३४. बारा वर्षांचा असल्यापासून घर चालवण्यासाठी कामे केली, बुटांना पॉलिश केले, पेपर टाकले. अठराव्या वर्षी बॅलेच्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली. १९५५ मध्ये तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत आला. १९५७ मध्ये त्याला एका गोऱ्या स्त्रीबरोबर जोडीने नाचायला उभे केले. काळ्या पुरुषाने गोऱ्या बाईचा हात धरायचा, हे तिथल्या समाजाला सोसवेना. तो नाच अमेरिकेच्या व्यापारी टीव्हीवर दिसायला १९६८ साल उजाडावे लागले. शिवाशिव फक्त आपल्याच देशात आहे असे समजायचे कारण नाही.

त्याच १९६८ मध्ये, ४ एप्रिलला, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. मिचेल परदेशात काम उभे करायला निघाला होता. त्याने विचार बदलला आणि आपल्या हार्लेममध्ये परत आला. १९६९ मध्ये त्याने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' उभे केले. सुरुवातीला वर्ग एका गॅरेजमध्ये भरत. उकाड्यामुळे गॅरेजचे दार उघडे ठेवावे लागे. रस्त्यावरची पोरे डोकावत, आणि त्यातलीच काही आत येत. घट्ट विजार घालायला मुलांना लाज वाटे, तर हा म्हणाला, कापलेल्या जीन्स घालून या. ३० मुलांपासून सुरू झालेली शाळा काही महिन्यांत ४०० वर गेली. मिचेल २०१८ मध्ये गेला, पण संस्था आजही चालू आहे.

गॅरेजचे उघडे दार वाचले आणि मला आमच्या विहाराचे कुलूप आठवले.

वाचकहो, मी पोरांना नाही का म्हणालो, तेही सांगितले पाहिजे. आपल्या घरांत नाच म्हटले की तमाशाचा फड आठवतो. आपल्या आज्या-पणज्यांपैकी कित्येकजणी हौसेने नाचल्या नाहीत, जातीने ते काम त्यांच्या गळ्यात घातले होते. टाळ्या वाजवणाऱ्यांनी त्यांना आपल्या ओसरीवर बसू दिले नाही. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी याच विषयावर २०२२ मध्ये मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आपले वडील मुलांना नाचू नका म्हणत, त्यामागे हा अपमान आहे. ते चुकीचे म्हणत होते असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याने नाचवणे आणि स्वतः नाच शिकणे यांतला फरक मला पन्नाशीकडे झुकल्यावर कळावा, याचे वाईट वाटते.

आणि डोळ्यांसमोर असलेले मी कधी पाहिले नव्हते. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांत मी लहानपणापासून जातो, पोरांच्या सहली नेतो. सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या भिंतीवर, एक नाचणारी स्त्री कोरली आहे. तिच्याभोवती सहा वादक, सगळ्या बायकाच, कुणाच्या हाती बासरी, कुणाच्या हाती तालवाद्य. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे काम. बुद्धमूर्तीच्या इतक्या जवळ, गाभाऱ्यातच, नाच कोरायला त्या काळच्या उपासकांना संकोच वाटला नाही. मी मात्र विहाराची फरशी द्यायला नकार देऊन बसलो होतो. आपल्याच शहरात एमजीएमच्या परिसरात १९९६ पासून 'महागामी' ही संस्था कथक आणि ओडिसी शिकवते. तिच्यासमोरून मी शेकडो वेळा सायकल, मग स्कूटर घेऊन गेलो असेन. वस्तीतल्या एकाही मुलाला तिथे काय चालते ते दाखवायला नेले नाही.

दिवाळी झाल्यावर मी त्या पोरांना बोलावले. किल्ली त्यांच्या हातात दिली. अटी घातल्याच, सवय जात नाही. सकाळी पाच ते सात, वंदनेआधी झाडून काढायचे, परीक्षेच्या महिन्यात बंद. मिटिंगमध्ये दोघा-तिघांनी विरोध केला. एक ज्येष्ठ उपासिका, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, शांतपणे म्हणाल्या, "जयंतीत रात्रभर नाचतात तेव्हा तुम्हीच पाण्याचे पाउच वाटता." विषय तिथेच संपला.

अडचण फरशीची निघाली. विहाराला शहाबादी फरशी आहे. नाचाच्या शाळांत खाली हवा राहील अशी लवचिक लाकडी जमीन असते, उडीचा मार ती सोसते. दगडावर रोज उड्या मारल्या तर गुडघे आणि नडगी जातात. लाकडाचा खर्च विचारला आणि गप्प बसलो. सध्या कार्यक्रमाच्या जुन्या सतरंज्या दुहेरी घालून वर ताडपत्री ताणतो. उड्या कमी, दांड्याचे काम जास्त. दांडा म्हणून खिडकीखाली पाण्याचा जुना पाइप बसवला आहे. शिकवायला अजून कुणी नाही. मोबाइल खिडकीत टेकवून पोरे बघून बघून करतात. कुणी जाणकार आठवड्यातून एकदा आला तर येण्याजाण्याचा खर्च आम्ही करू.

पाचपैकी चार पोरे रोज येतात. उंच पोरगा येत नाही. मी नाही म्हटल्यानंतर दोनच महिन्यांत त्याच्या वडिलांचा हात मशीनमध्ये दुखावला आणि तो कंत्राटी म्हणून कामाला लागला. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी तेवढा येतो. इतरांपेक्षा त्याचीच पाठ सरळ राहते, हे मलासुद्धा कळते. परवा नाइट शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमधून तसाच उतरला, सेफ्टी बूट दारात काढले आणि पाइपला हात लावून उभा राहिला. सात वाजले तरी मी कुलूप घेऊन पुढे गेलो नाही.