उपकराचा हेतू आणि हावड्याची भट्टी

अर्थव्यवहाराच्या परिभाषेत ‘कर’ आणि ‘उपकर’ यांत मोठे अंतर आहे. कर कोठेही खर्चावा. उपकर मात्र ज्या हेतूने घेतला त्यालाच बांधलेला असतो. हे बंधन कसे सुटते, ते हावड्यातून स्पष्ट दिसते. येथील फाउंड्र्यांत, कोल्हापूरच्या वाचकाला परिचित असलेल्या क्युपोला भट्टीत, कोक जाळून बीड वितळवितात. कोक कोळशाचा, आणि कोळशावर केंद्राने २०१० साली स्वच्छ ऊर्जेच्या कार्यासाठी टनामागे ५० रुपये उपकर बसविला. २०१६ मध्ये तो ४०० रुपये झाला, नावही ‘स्वच्छ पर्यावरण उपकर’ असे अधिक भारदस्त झाले. पुढच्याच वर्षी वस्तू व सेवा कर आला आणि ही रक्कम राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळली. २०२५ च्या सप्टेंबरात तो उपकरही गेला. कोळशावरील कर तेवढा ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर चढला.

भट्टी सुधारण्याचा मार्ग मात्र उपकराच्या आधीच सापडला होता. टाटा ऊर्जा संशोधन संस्थेने १९९८ मध्ये हावड्यातच दोन पातळ्यांवरून वारा सोडणारी क्युपोला उभारून कोकची लक्षणीय बचत दाखविली. ती बांधावयास भांडवल लागते, आणि लहान कारखानदाराची अडचण नेमकी तीच आहे.